दुखत नाही म्हणूनच रोज बघा: मधुमेहींसाठी पायांची निगा

बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या चपलेतून खिळा वर येतो, तळव्यात घुसतो, आणि तो माणूस दिवसभर तसाच हिंडतो. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे घरच्यांना दिसतात, तेव्हा कुठे त्याला कळतं. पायांच्या दवाखान्यात अशा गोष्टी नवीन नाहीत. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मज्जातंतू बिघडतात. सगळ्यात लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे, म्हणून बधिरपणाही बोटांपासून सुरू होऊन हळूहळू घोट्याकडे चढतो. घाम येणं कमी होतं, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. पायातले बारीक स्नायू दुबळे झाले की बोटं आकड्यासारखी वळतात आणि चालताना सगळा भार चवड्यावर येतो. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर झालेली जखम भरून यायला रक्तच पुरत नाही.

एक गैरसमज आधी दूर करू. ‘माझे पाय तर रात्रभर जळतात, म्हणजे संवेदना आहे’ असं अनेकजण म्हणतात. आग होणं, मुंग्या येणं आणि बधिरपणा हे तिन्ही एकाच पायात एका वेळी असू शकतं. आग तंतूंच्या बिघाडामुळे होते, ती काट्याची वर्दी देत नाही. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन ही लक्षणं वाढू शकतात, शाकाहारी माणसांनी तर ते एकदा तपासून घ्यावंच.

आधी आपला पाय कोणत्या गटातला आहे ते ठरवा

सगळ्या मधुमेहींना सारखीच खबरदारी लागत नाही. घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. रुग्णाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. घरातल्या दुसऱ्या माणसाने बोटाच्या टोकाने त्याच्या पायाचा अंगठा, करंगळी आणि मधलं बोट यांच्या टोकांना अलगद स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, दोन्ही पायांना. एकूण सहा जागा होतात. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, टिचकी मारायची नाही आणि एका जागेला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. स्पर्श जाणवला की रुग्णाने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असं सांगायचं. सहापैकी दोन किंवा त्याहून जास्त जागी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून चालायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

दवाखान्यात हीच तपासणी नायलॉनच्या बारीक तंतूने करतात. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमइतका भार पडतो. शिवाय ट्यूनिंग फोर्कची, म्हणजे ठोकल्यावर थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याची, थरथर कळते का ते बघतात आणि पायाच्या दोन ठिकाणच्या नाड्या चाचपतात: एक पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्यामागे. जागतिक पातळीवर मान्य असलेला हिशोब साधारण असा आहे. संवेदना आणि नाड्या दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. संवेदना गेली असेल किंवा नाडी लागत नसेल, यांपैकी एकच दोष असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असतील किंवा जोडीला बोटं वाकडी झाली असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि पूर्वी पायाला जखम होऊन गेली असेल, बोट काढावं लागलं असेल किंवा मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर एक ते तीन महिन्यांनी.

आपल्याकडे तपासणी राहून जाते त्याचं कारण अगदी साधं आहे. रुग्ण साखरेचा रिपोर्ट टेबलावर ठेवतो, डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि चपला काही निघत नाहीत. आत गेल्यावर आपणच मोजे काढून बसावं. संकोच वाटायचं कारण नाही. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांचा विभाग असतो, तिथेही पाय तपासून मागता येतात.

रोजचं बघणं

वेळ ठरवून टाका. माझ्या मते रात्री झोपण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण दिवसभरात जे काही लागलं असेल ते तेव्हा दिसतं आणि पुढचे काही तास पायावर भार येणार नसतो. उजेड चांगला हवा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा, किंवा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून बघायचा. मधुमेहाने डोळ्यांचा पडदाही बिघडतो. नजर अधू असेल तर स्वतःच्या तपासणीवर विसंबू नका, हे काम घरातल्या कोणाला तरी वाटून द्या. नातवंडांचे डोळे तीक्ष्ण असतात आणि आजीचे पाय बघायला ती सहसा नाही म्हणत नाहीत.

क्रम कायम एकच ठेवावा म्हणजे काही सुटत नाही. आधी बोटांच्या बेचक्या, एकेक बोट फाकवून. मग नखं आणि त्यांचे कोपरे. मग चवडा, तळव्याची कमान, टाच, टाचेच्या कडा. शेवटी पावलाची वरची बाजू आणि घोटे. शोधायचं काय? फोड, चीर, लालसर डाग, ओल, पांढरी पडलेली भिजकी कातडी, घट्ट्याखाली काळपट-जांभळी छटा, नखाशेजारची सूज. घट्ट्याखालचा काळा डाग म्हणजे आत रक्त साकळलेलं असतं. वरून कातडी धडधाकट दिसली तरी आत जखम तयार झालेली असू शकते, तेव्हा ‘जुना घट्टा आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

बघून झालं की हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर आळीपाळीने ठेवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का? तापमापी असेल तर दोन्ही पायांच्या त्याच जागेत सुमारे २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला, तर आत काहीतरी चाललं आहे असं समजून चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

धुणं, पुसणं, तेल

पाय रोज धुवावेत, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने. कोमट पाणी हवंच असेल तर ३७ अंशांपेक्षा कमी. पायाने अंदाज घ्यायचा नाही, तोच तर फसवतो. कोपराने बघा, किंवा ज्याला मधुमेह नाही अशा माणसाला हात घालून बघायला सांगा. थकल्यावर बादलीत गरम पाणी, त्यात मीठ आणि अर्धा तास पाय बुडवून बसणं ही आपल्याकडची लाडकी चैन. ती सोडावी लागेल. कातडी भिजून पिचपिचीत होते, नंतर आणखी कोरडी पडते आणि चटका बसला तर कळतही नाही.

पुसताना मऊ सुती पंचा घ्या आणि बेचक्या टिपून कोरड्या करा. खसाखसा चोळू नका. पाय जाड टॉवेलने वरवर पुसून मोजे चढवले की चिखल्यांना आमंत्रण मिळतं. पावडर थापू नका, ती बेचक्यात ओली होऊन गोळे धरते.

मग मॉइश्चरायझर. खोबरेल तेल चालेल, साधी व्हॅसलीन चालेल, युरिया असलेलं मलम भेगांना जास्त उपयोगी पडतं. कोकण-गोव्यात भेगांवर कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल, वापरतात आणि ते चांगलंच असतं. पण ते वितळवून गरम गरम भेगेत सोडायची जी रीत आहे ती बधिर टाचेवर अजिबात नको. बोटांवर चोळून मऊ करा आणि मग लावा. टाच, तळवा आणि पावलाची वरची बाजू एवढ्याच ठिकाणी लावायचं, बेचक्यांमध्ये नाही.

नखं, घट्टे, कुरूप

नखं आंघोळीनंतर मऊ असतात तेव्हा सरळ रेषेत कापावीत. कोपऱ्यात खोल शिरायचं नाही, नखुरडं तिथूनच सुरू होतं. टोकदार कडा कानशीने घासा. ब्लेडने नखं काढायची सवय असेल तर ती आजच सोडा. नख जाड, पिवळं, वळलेलं झालं असेल किंवा दिसत नसेल, तर ते दवाखान्यात कापून घ्या.

न्हाणीघरातली वजरी टाचेवर घासायची की नाही? संवेदना शाबूत असेल तर हलक्या हाताने, ओल्या टाचेवर, आठवड्यातून एखाद्या वेळी हरकत नाही. संवेदना गेली असेल तर वजरीला हात लावू नका. आपण किती घासलं ते कळत नाही आणि रक्त निघेपर्यंत हात थांबत नाही. घट्टा आणि कुरूप हे दाबाचे पुरावे आहेत: त्या जागेवर चप्पल किंवा हाड जास्त भार टाकतंय. दवाखान्यात घट्टा तासून घ्यायचा आणि त्याच वेळी चप्पल बदलायची. नुसता तासला तर महिन्याभरात पुन्हा येतो.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरपाच्या पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. तीच गोष्ट आपल्या घरगुती उपायांची. काट्यावर किंवा भेगेवर बिब्बा घालणं, कुरपावर रुईचा चीक लावणं हे खेड्यापाड्यांत आजही चालतं. बिब्ब्याने धडधाकट माणसाची कातडीसुद्धा भाजून निघते. मधुमेही पायावर त्या भाजलेल्या जागेची जखम व्हायला वेळ लागत नाही.

पायात जोडवी असतील तर त्यांखालची कातडी रोज बघा. शेजारच्या बोटाला कड लागत असेल तर गुळगुळीत, सैल होणारी जोडवी घ्या आणि पायाला सूज असेल तेवढे दिवस काढून ठेवा. घोट्याला बांधलेला काळा दोरा सूज आल्यावर कातडीत रुततो, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

पायात काय घालायचं

सगळ्यात जास्त जखमा इथून सुरू होतात, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणाही इथेच. पहिला नियम असा: संवेदना कमी असेल तर घरातही अनवाणी चालायचं नाही, नुसत्या मोज्यांवरही नाही. बाहेरच्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची आपली रीत चांगली आहे, ती मोडायची गरज नाही. घरासाठी वेगळा धुतलेला जोड ठेवा, हवा तर देवघरासाठी आणखी एक. सोवळ्याचा मुद्दा घरातल्या मोठ्यांनी काढला तर त्यांना हे सगळं कशासाठी ते शांतपणे समजावून सांगा. बहुतेक वेळा ऐकतात.

बधिर पायाला मऊ चप्पल लागते, ही समज आपल्या देशात मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाच्या कामातून आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप ‘झडत’ नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे रोजच्या दाबाने आणि न कळलेल्या जखमांनी ती जातात. तिथे बधिर पायांसाठी मायक्रोसेल्युलर रबर वापरायला सुरुवात झाली. पुढे हाच विचार मधुमेही पायांनाही लागू पडला. आज ‘एमसीआर चप्पल’ म्हणून जी मिळते ती हीच. पायाखाली मऊ, दाब पसरवणारा थर आणि खाली काटा-खिळा आत येऊ न देणारा कडक तळ, अशी तिची बांधणी असते.

चप्पल किंवा बूट घेताना या गोष्टी बघा. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांत घालून उभं राहून बघा, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. आतली लांबी सगळ्यात लांब बोटापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी. बोटांच्या जागी रुंदी आणि उंची दोन्ही हवी, म्हणजे वाकडी बोटं वर घासत नाहीत. घरून निघताना कागदावर उभं राहून पावलाची आकृती काढून घ्या आणि दुकानात चप्पल त्यावर ठेवा. आकृती चपलेबाहेर येत असेल तर दुकानदार ‘दोन दिवसांत सैल होईल’ म्हणाला तरी घेऊ नका. चामडं सैल होईपर्यंत तुमच्या कातडीचं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

अंगठ्याच्या चपला आणि कोल्हापुरी यांना बधिर पायांसाठी माझा विरोध आहे, कितीही देखण्या असल्या तरी. अंगठ्याशेजारचा बंद बेचकीत घासतो, तळ कडक असतो, आणि बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणूस तसाच पुढे चालत राहतो. मागे पट्टा असलेली आणि वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी सँडल बरी.

नवा जोड पहिल्या दिवशी घरातच अर्धा-एक तास घाला, काढा, पाय बघा. लाल खूण उमटून वीसेक मिनिटांत गेली नाही तर त्या जागी तो जोड लागतो आहे. रोज थोडा वेळ वाढवत न्या. चप्पल दुरुस्तीला दिली तर शिवून किंवा चिकटवून घ्या, खिळे मारू देऊ नका. घालण्यापूर्वी दर वेळी उलटी करून झटका आणि आतून हात फिरवा. खडा, खेळण्यातला तुकडा, सुटलेली शिवण, कधी विंचू, असं काहीही निघू शकतं. मऊ थर अंगठ्याने दाबून बघा. तो दबून पातळ झाला असेल तर चप्पल वरून नवी दिसली तरी तिचं काम संपलं आहे.

मोजे सुती, फिक्या रंगाचे, वरचं इलॅस्टिक सैल. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. आत जाड शिवण असेल तर मोजा उलटा घाला.

ऊन, पाऊस, देऊळ, शेत

उन्हाळ्यात देवळाच्या आवारातली दगडी फरशी दुपारी तापते. अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्याचे तळवे भाजतात आणि फोड घरी आल्यावर दिसतात. सकाळी लवकर जा, संवेदना ठीक असेल तर जाड मोजे घालून चाला, आणि फरशी तापलेली असेल तर बाहेरूनच हात जोडा. थंडीत शेकोटी आणि गरम पाण्याची पिशवी पायापासून लांब ठेवा, पायाला ऊब हवी असेल तर मोजे आणि गोधडी पुरे. मोटरसायकलचा सायलेन्सर, गाडीतला इंजिनाजवळचा तापलेला पत्रा यांचेही चटके असेच नकळत बसतात.

पावसाळ्यात बेचक्यांमध्ये चिखल्या होतात. भिजलेले बूट-मोजे लगेच बदला, दुसरा कोरडा जोड जवळ ठेवा, बेचक्या कोरड्या करा आणि बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. चिखल्यांची चीर एवढीशी दिसते, पण जंतूंना आत शिरायला तेवढी पुरते. भात लावणीला गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्यांनी गमबूट घालावेत, आत मोजे घालावेत आणि मधल्या सुट्टीत बूट काढून पाय बघावेत.

वारीबद्दल विचारणा होतेच. आळंदीहून पंढरपूरपर्यंत जवळजवळ तीन आठवडे रोज चालायचं असतं. संवेदना ठीक असेल तर आधी दोन-तीन महिने चालण्याचा सराव, वापरून मुरलेले बूट आणि दर मुक्कामाला पायांची तपासणी एवढं सांभाळून जाता येईल. पाय बधिर असतील किंवा पूर्वी जखम झाली असेल तर सगळी वाट चालू नका, एखादा टप्पा चाला आणि बाकीचं अंतर वाहनाने जा. उघडी जखम असताना चालणं साफ चूक, अनवाणीही नाहीच.

जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी एक ऐकायला विचित्र पण खरी सूचना: बधिर बोटं रात्री उंदीर कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. झोपताना मोजे घाला किंवा पाय मच्छरदाणीत नीट खोचलेले ठेवा.

विडी-सिगारेटने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात. मिसरी आणि तंबाखू यांतही निकोटिन आहेच. थोडं चालल्यावर पोटरी भरून येऊन दुखत असेल आणि थांबल्यावर थांबत असेल, तर रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात, त्यामुळे घोट्याच्या रक्तदाबाचा आकडा कधी कधी खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या बोटातला रक्तदाब मोजावा लागतो किंवा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघायची तपासणी, करावी लागते.

जखम दिसली तर

स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, निर्जंतुक गॉझ ठेवा आणि कागदी पट्टीने हलकेच चिकटवा. बोटाभोवती पट्टी गच्च गुंडाळू नका. फोड फोडू नका. हळद, चुना, कॉफी, राख, टूथपेस्ट यातलं काहीही नको. काटा वर दिसत असेल आणि सहज निघत असेल तर चिमट्याने काढा, सुईने उकरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्या पायावर भार देणं बंद करा आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, जखम कितीही छोटी असो. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून चार दिवस वाट बघण्यात अनेक पाय बिघडतात.

लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, कातडी काळी-निळी पडली असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. ताप नसला म्हणून निश्चिंत राहू नका, मधुमेहात जंतुसंसर्ग असूनही ताप न येणं शक्य असतं. जेवण-औषधं तीच असताना साखर अचानक चढली तर पाय उघडून बघा.

जखम न होताही एक गोष्ट घडते. पाऊल सुजतं, लाल होतं, गरम लागतं, पण फारसं दुखत नाही. घरी ‘मुरगळला असेल’ म्हणतात, दवाखान्यात कधी युरिक अ‍ॅसिडचं, कधी जंतुसंसर्गाचं औषध देतात. हा शार्को पाय असू शकतो: आतली हाडं आणि सांधे ठिसूळ होऊन मोडत असतात, आणि सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. अशा पायावर चालत राहिलं तर पावलाची कमान बसते आणि तळवा कायमचा फुगीर होतो. निदान होईपर्यंत पाऊल टेकवायचं नाही आणि डॉक्टरांना ‘हा शार्को असेल का’ असं स्पष्ट विचारायचं.

जखमेला रोज ड्रेसिंग चालू आहे आणि रोज त्याच पायावर चालणंही चालू आहे, असं असेल तर ती भरत नाही. तळव्याच्या जखमेला खरं औषध म्हणजे तिथला भार काढणं. त्यासाठी पायाला पूर्ण चिकटून बसणारं प्लास्टर किंवा खास बूट देतात, आणि ते घरात दोन पावलं टाकतानाही काढायचे नसतात. जखम भरल्यानंतरही सुटका नाही: साधारण दहांतल्या चौघांना वर्षभरात पुन्हा जखम होते, बऱ्याचदा जुन्याच जागेवर. म्हणून प्लास्टर काढायच्या आधीच मापाची चप्पल तयार करून घ्या, आणि दवाखान्यातून घरी त्या चपलेवरच या.